अजिंठ्याच्या चित्रातील उजेड आणि सावली

आपल्या भागातील पुष्कळ कुटुंबे एकदा तरी अजिंठ्याला जाऊन आलेली असतात. डबा सोबत घ्यायचा, लेणी भराभर पाहायची आणि संध्याकाळी परतायचे. मुलांना विचारले तर "आत अंधार होता, भिंतीवर चित्रे होती" एवढेच सांगतात. त्या चित्रांत काय पाहावे हे आधी ठाऊक असले, तर जाणे सार्थकी लागते.

पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्व पाहा. हे चित्र पाचव्या शतकातील. हातात कमळ, नजर खाली झुकलेली. भिंत सपाट आहे, तरी चेहरा भरीव वाटतो. कसा? चित्रकाराने चेहऱ्याच्या कडेला रंग गडद केला आणि नाक, हनुवटी येथे उजळ ठेवला. गडद भाग मागे सरकतो, उजळ भाग पुढे येतो. जुन्या चित्रशास्त्रात या छटा देण्याला 'वर्तना' म्हणतात. त्या बारीक रेघांनी, हलका हात फिरवून किंवा ठिपक्यांनी देता येतात.

सतराव्या शतकात हॉलंडच्या रेम्ब्रांटने एका बाजूने उजेड पाडून बाकीचे चित्र काळोखात बुडवले. अजिंठ्यात तसे नाही. तेथे माणसाची सावली जमिनीवर पडत नाही. उजेड जणू ज्याच्या त्याच्या अंगातूनच येतो.

यासाठी साहित्य कोणते? पांढऱ्यासाठी चुना, तांबड्या-पिवळ्यासाठी माती, काळ्यासाठी दिव्याची काजळी. आपल्या घरात पुसून टाकतो तीच काजळी! फक्त निळा दगड दूर अफगाणिस्तानातून येई.

माता-भगिनींनी आणखी एक गोष्ट जरूर पाहावी. याच लेण्यात एक सावळी स्त्री रंगविली आहे. लोक तिला 'काळी राजकन्या' म्हणतात. गोऱ्या आकृतींइतक्याच मायेने तिचे डोळे, ओठ, दागिने काढले आहेत. गडद रंग हा चित्रकाराला दोष वाटला नाही. मग मुलगी पाहायला आलेल्या मंडळींनी "रंग जरा कमी आहे" म्हणावे आणि आपण मान खाली घालावी, हे कशासाठी?

ही चित्रे नाजूक आहेत. पूर्वी ती टिकावीत म्हणून त्यांच्यावर व्हार्निश लावले गेले, तेच पुढे काळवंडले. म्हणून आत फ्लॅश मारू नये, भिंतीला हात लावू नये. सोमवारी लेणी बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे.

जाण्यापूर्वी मुलांकडून घरी एक प्रयोग करून घ्या. रात्री एकच दिवा ठेवून त्याच्या बाजूला स्टीलची नव्हे, मातीची पणती किंवा एक बटाटा ठेवा. कोठे उजेड, कोठे सावली ते पेन्सिलने काढायला सांगा. नुसता गोल काढला तर ती चकती दिसते. एका कडेला सावली दिली की तिचा बटाटा होतो. हे ज्याच्या हाताला कळले, त्याला पद्मपाणीसमोर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागणार नाही.