दाराबाहेरचा लुबिच

एर्न्स्ट लुबिच १८९२ मध्ये बर्लिनमध्ये जन्मला. वडिलांचा शिवणकामाचा धंदा. पोरगा मात्र १९११ मध्ये माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत शिरला आणि तिथून सिनेमात. पोला नेग्रीला घेऊन केलेला त्याचा ‘मादाम द्यूबारी’ (१९१९) एवढा गाजला, की महायुद्धाची कटुता ताजी असतानाही अमेरिकेने तो ‘पॅशन’ या नावाने डोक्यावर घेतला.

१९२२ मध्ये सिनेतारका मेरी पिकफर्डने त्याला हॉलिवूडला बोलावलं. दोघांचं सूत जुळलं नाही. ‘रोझिटा’ (१९२३) या एकाच चित्रपटावर भागलं.

पण लुबिच टिकला. ऑस्कर वाइल्डच्या ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’चा त्याने १९२५ मध्ये मूकपट केला आणि त्यात वाइल्डची खटकेबाज वाक्यं गाळूनच टाकली! शब्दांचं काम नजरांनी केलं. त्याची खरी करामत पाहायची तर ‘द मेरी विडो’ (१९३४) बघावा. राजा राणीच्या शयनगृहातून बाहेर पडतो, पहाऱ्यावरचा डॅनिलो आत शिरतो. तलवार विसरली म्हणून राजा परततो, पट्टा घेऊन बाहेर येतो, बांधू लागतो, तर पट्टा पोटाला पुरेना. एवढ्यावर राजाला कळतं आणि आपल्यालाही. तोवर कॅमेरा बाहेरच थांबलेला.

प्रेक्षकाला हुशार समजणारा असा दिग्दर्शक तेव्हा विरळाच, आजही फारसे नाहीत. लुबिचच्या ‘निनोच्का’चा (१९३९) एक लेखक बिली वाइल्डर पुढे स्वतः मोठा दिग्दर्शक झाला, तरी ‘लुबिचने हे कसं केलं असतं?’ अशी पाटी त्याच्या ऑफिसात असे.

नाझींनी १९३५ मध्ये या ज्यू दिग्दर्शकाचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं. त्याने ‘टू बी ऑर नॉट टू बी’ (१९४२) काढून नाझींची टर उडवली, तीही व्याप्त वॉर्सातल्या नाटकवाल्यांच्या तोंडून. प्रदर्शनाआधीच नायिका कॅरोल लोम्बार्ड विमान अपघातात गेली. पोलंड जळत असताना विनोद कसले, म्हणून समीक्षक तुटून पडले. लुबिचने लेखी उत्तर दिलं, माघार घेतली नाही. त्याचा सर्वांत धाडसी चित्रपट हाच.

मार्च १९४७ मध्ये त्याला विशेष ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला, ५५व्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. अर्धवट राहिलेला ‘दॅट लेडी इन अर्मिन’ ऑटो प्रेमिंजरने पुरा केला. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव लुबिचचंच राहिलं.