'अंगावरून वारं गेलं' म्हणजे मेंदूत काय झालं?

एखाद्याची एक बाजू अचानक लुळी पडली, की कोल्हापूरकडे "अंगावरून वारं गेलं" असे म्हणतात. मग मालिश आणि झाडपाला सुरू होतो. प्रत्यक्षात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे थांबलेला असतो किंवा तिथली रक्तवाहिनी फुटलेली असते. कोणता भाग बंद पडला, हे बहुतेक वेळा रुग्णाचे शरीरच सांगते.

त्यासाठी खासबाग मैदानातली कुस्ती डोळ्यांसमोर आणा. समोरच्याची हालचाल डोळे टिपतात, पण 'दिसते' ती मेंदूच्या मागच्या भागात. वस्तादांची हाक उमगते कानाजवळच्या भागात. पकड कितपत बसली, हे माथ्याकडचा भाग स्पर्शावरून जाणतो. एकेरी पट काढायचा, हे ठरते कपाळामागच्या भागात आणि हातापायांना हुकूमही त्याच भागाच्या मागच्या कडेवरून सुटतो. हे सगळे मोठ्या मेंदूचे काम. मानेच्या वर, मागच्या बाजूला असलेला लहान मेंदू तोल सांभाळतो. तालमीत घोटलेला डाव विचार न करता साधतो, तो बराचसा त्याच्यामुळे. त्याच्या पुढ्यात असलेला मेंदूचा देठ श्वास, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळतो.

आता पक्षाघाताच्या खुणा समजायला सोप्या जातील. मोठ्या मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू हलवते. बहुतेकांचे बोलण्याचे केंद्रही डावीकडेच असते. म्हणून उजवा हात-पाय लुळा पडतो, तेव्हा अनेकदा वाचाही जाते. मागच्या भागाला इजा झाली, तर अर्धी नजर जाते. लहान मेंदूत बिघाड झाला, तर हातापायांत ताकद असूनही माणूस झोकांड्या खातो. याला 'पित्ताची चक्कर' किंवा 'प्यायलाय' म्हणून सोडून दिले जाते. देठाला धक्का बसला, तर गिळणे, शुद्ध आणि श्वासही धोक्यात येतो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे 20 टक्के. साठा काहीच नाही. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि त्याआधी सीटी स्कॅन हवाच. चंदगड, गगनबावड्याच्या वाडीवस्तीवरून मोठे रुग्णालय गाठण्यातच बराच वेळ जातो. म्हणून 'सकाळपर्यंत बघू' हे परवडत नाही.

शंका आली, की रुग्णाला हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य म्हणायला लावा. तोंड वाकडे झाले, एक हात खाली आला किंवा जीभ अडखळली, तर 108 ला फोन करा. अचानक तोल किंवा नजर गेली तरीही हेच करा. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ लक्षात ठेवा. पाणी, चहा काहीही पाजू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी घरी देऊ नका. आत रक्तस्राव असेल तर ती घातक ठरेल. लक्षणे थोड्या वेळात आपोआप गेली, तरी रुग्णालयात जाच. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू ही यामागची मोठी कारणे. बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी मनाने बंद करणे, ही अनेक घरांतली चूक. आज घरातल्या थोरामोठ्यांना एवढेच विचारा : गोळी घेतली का?