कोंबडी खुडूक बसली? आधी ठरवा, अंडी हवीत की पिल्लं!

माटुंग्याच्या आमच्या वर्गात येणारे बरेच जण नोकरीला मुंबईत आणि कोंबड्या गावी, असे आहेत. घरून फोन येतो, "तीन कोंबड्या खुडूक झाल्यात, अंडी बंद." आणि इकडे आपण सोसायटीत गावठी अंड्यांची ऑर्डर घेऊन बसलेलो!

खुडूक होणं हा आजार नाही. शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, कोंबडी अंडी देणं थांबवते आणि उबवायला बसते. जागा सोडत नाही, हात नेला की पिसं फुलवून टोचते. खाली अंडं नसलं तरी ती कित्येक दिवस तशीच बसून राहते. धंद्याला मार बसतो तो इथे.

हिशेब बघा. गावठी कोंबडी एका पाळीत साधारण १२ ते १५ अंडी देते. समजा अंडं १५ रुपयांना जातं. एक पाळी बुडाली की दोनशेच्या आसपास रुपये गेले. दहा कोंबड्या असतील तर स्वतःच गुणाकार करा.

म्हणून पहिल्याच दिवशी ठरवायचं. पिल्लं हवी असतील तर ही फुकटची उबवणी यंत्रणा आहे, वीजबिल शून्य! तिच्या अंगाच्या मापाप्रमाणे १० ते १२ अंडी ठेवा. आठवड्याच्या आतली, स्वच्छ, न तडकलेली, आणि कळपात कोंबडा असेल तरच. (हे सांगावं लागतं, हसू नका.) सगळी अंडी एकदम, रात्रीच्या वेळी ठेवा आणि पेन्सिलीने खूण करा, दुसरी कोंबडी येऊन तिथेच अंडं घालून जाते. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडं धरा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव धरलाय. नुसता पिवळा उजेड दिसला तर काढून टाका. दिवसातून एकदा कोंबडीला दाणा-पाण्याला उठवा. २१ व्या दिवशी पिल्लं. शेवटचे तीन दिवस मात्र अजिबात हात लावू नका. पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा लस द्यायची, त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा.

अंडीच हवी असतील तर तिची ऊब मोडायची. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून वर ठेवा, खालून वारा लागला पाहिजे. आत गवत, भुसा, पोतं काही नको. उजेड, दाणा, पाणी भरपूर. तीन-चार दिवसांत बहुतेक कोंबड्या ताळ्यावर येतात. पुन्हा अंड्यावर यायला आणखी एक-दोन आठवडे लागतात. जितका उशीर, तितकी ती हट्टी. पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे जुने उपाय माझ्या मते सरळ बंद करा. जनावराचे हाल होतात, वर ती आजारी पडली तर तोटा आपलाच. अंडी मात्र दिवसातून दोनदा गोळा करा, साठलेली अंडी दिसली की कोंबडी बसायला बघते.

नुसता अंड्यांचाच धंदा करायचा असेल तर वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत. पण मग पिल्लं दरवेळी विकत. म्हणून दोन-चार गावठी कोंबड्या ठेवाच.

आज गावी फोन कराल तेव्हा दोनच गोष्टी विचारा: कळपात कोंबडा आहे का, आणि खुडूक कोंबडीचा आज कितवा दिवस?