पदार्पण म्हणजे नेमकं काय? ब्रुकलिन डॉजर्सच्या इतिहासातून एक विचार

मागच्या व्याख्यानात आपण ‘घटना’ या संकल्पनेची चर्चा केली होती. घटना घडते म्हणजे काय, ती घडली असं म्हणण्याचा अधिकार कुणाला, असे काही प्रश्न तेव्हा राहून गेले. आज तेच प्रश्न आपण एका खेळाच्या मैदानावर नेऊन बघणार आहोत. खेळ अमेरिकेतला, बेसबॉल. संघ डॉजर्स. हा संघ ब्रुकलिनमध्ये १८८३ साली उभा राहिला, १८९० पासून नॅशनल लीगमध्ये खेळू लागला आणि १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. ‘डॉजर्स’ म्हणजे चुकवणारे. ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्राम चुकवत चालणारी माणसं, त्यावरून हे नाव पडलं.

बेसबॉल माहीत नसला तरी अडणार नाही. चेंडू टाकणारा तो पिचर. नऊ डाव असतात आणि तीन गडी बाद झाले की डाव पालटतो. एवढं पुरे. सर्वांत वरच्या पातळीला ‘मेजर लीग’ म्हणतात, तिच्याखाली ‘मायनर लीग’च्या पायऱ्या. खालून वर आलेला खेळाडू मेजर लीगच्या अधिकृत सामन्यात पहिल्यांदा खेळला, की ते त्याचं पदार्पण. संघात नाव आलं, गणवेश मिळाला, बाकावर बसून सामना पाहिला, तरी पदार्पण होत नाही. सामन्यात खेळावं लागतं. अशी माणसं झालेली आहेत, जी संघापर्यंत पोचली आणि एकही सामना न खेळता परत गेली. नोंदवहीत त्यांचं नाव नाही.

आपल्या शब्दाकडेही बघा. पद म्हणजे पाऊल आणि अर्पण म्हणजे ठेवणं. पाऊल ठेवणं ही अगदी शारीरिक, डोळ्यांनी दिसणारी गोष्ट आहे. पण गवतावर पाऊल तर माळीसुद्धा ठेवतो. त्याचं पदार्पण का होत नाही? इथे तत्त्वज्ञानातला एक भेद कामी येतो. एलिझाबेथ अँस्कम यांनी १९५८ मध्ये तो मांडला आणि पुढे जॉन सर्ल यांनी तो विस्तारला. काही तथ्यं नुसती असतात: डोंगराची उंची, चेंडूचं वजन. काही तथ्यं मात्र माणसांनी केलेल्या नियमांमुळे आणि संस्थांमुळे असतात: नोटेची किंमत, लग्न, निवडणुकीतला विजय. पदार्पण हे दुसऱ्या प्रकारचं तथ्य. धावणारा माणूस सगळ्यांना दिसतो, त्याचं पदार्पण मात्र नियम जाणणाऱ्यालाच दिसतं.

आता एक दिवस घेऊ. १५ एप्रिल १९४७, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, समोर बोस्टन ब्रेव्ह्ज. जॅकी रॉबिन्सन हा अठ्ठावीस वर्षांचा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून पहिल्या बेसवर उभा राहिला. मैदानावर त्याने काय केलं? पहिल्या वेळी बाद, दुसऱ्या वेळी झेल, तिसऱ्या वेळी तर एकाच चेंडूत दोन गडी बाद. सातव्या डावात त्याने चेंडूला हलकेच बॅट लावली, प्रतिस्पर्ध्याच्या चुकीमुळे तो बेसवर पोचला आणि पुढे संघाला आघाडी देणारी धाव त्याने घेतली. डॉजर्स ५-३ ने जिंकले. एकही ‘हिट’ त्याच्या नावावर नाही. नुसत्या आकड्यांवर गेलं, तर हे पदार्पण सामान्यच म्हणावं लागेल.

तरी आज दरवर्षी १५ एप्रिलला मेजर लीगचा प्रत्येक खेळाडू रॉबिन्सनचा ४२ क्रमांक पाठीवर घालून उतरतो. १९९७ मध्ये तो क्रमांक सगळ्याच संघांतून निवृत्त केला गेला. मग त्या दिवसाचं मोठेपण आलं कुठून? बॅटमधून तर नाही. ते आलं त्याआधीच्या साठ वर्षांतून.

हे समजायला आपण आपल्या न्याय-वैशेषिकांकडे जाऊ. त्यांनी अभावाला पदार्थ मानलं आणि त्याचे चार प्रकार केले. त्यांतले दोन आज हवेत. घडा घडण्यापूर्वी मातीत घड्याचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण अंत आहे: घडा झाला की तो संपतो. ‘घडा होईल’ या शब्दांत त्याची प्रतीती येते. दुसरा अत्यंताभाव: वायूमध्ये रूप नाही, कधी नव्हतं, कधी असणार नाही. पहिला म्हणतो ‘अजून नाही’ आणि दुसरा म्हणतो ‘कधीच नाही’.

कुठल्याही खेळाडूचं पदार्पण म्हणजे त्याच्या प्रागभावाचा अंत. काल तो ‘होणार’ होता, आज झाला. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बाबतीत मात्र एक लबाडी झाली होती. वरच्या लीगमध्ये ते नाहीत, हा ‘अजून नाही’ प्रकारचा अभाव होता. त्याला ‘कधीच नाही’चा मुखवटा चढवला गेला. गंमत म्हणजे कुठल्याही नियमपुस्तकात बंदी लिहिलेली नव्हती. ती संघमालकांच्या आपसांतल्या समजुतीने चालायची. नियम लिहिला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. न लिहिलेला नियम मात्र निसर्गनियमासारखा दिसू लागतो. लोक म्हणू लागतात, ‘ते नाहीतच, त्यावरून समजा की ते त्या पात्रतेचेच नसणार.’ हा शुद्ध हेत्वाभास आहे. दार लावून घ्यायचं आणि मग आत कुणी आलं नाही हाच अपात्रतेचा पुरावा म्हणून दाखवायचा!

शिवाय ‘कधीच नाही’ हे खोटंही होतं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या मेजर लीगमध्ये खेळला होता. त्याच वर्षी ब्रुकलिनचा संघही त्याच लीगमध्ये होता. म्हणजे दार आधी उघडं होतं, नंतर लावलं गेलं.

रॉबिन्सनचं पाऊल त्या दाराच्या आत पडलं, म्हणून ते मोठं. आणि ते एकट्याचं नव्हतं. डॉजर्सचे ब्रँच रिकी यांनी १९४५ मध्ये त्याला करारबद्ध केलं. १९४६ चं वर्ष तो माँट्रियलमध्ये मायनर लीग खेळला. १९४७ च्या जुलैमध्ये लॅरी डोबी क्लीव्हलंडकडून उतरला आणि पहिल्याच प्रयत्नात बाद झाला. ऑगस्टमध्ये डॉजर्सनेच डॅन बँकहेडला उतरवलं, या काळातला पहिला कृष्णवर्णीय पिचर. त्याने बॅट हाती घेताच पहिल्याच वेळी ‘होम रन’ मारला, पण पिचर म्हणून त्याची पुरती धुलाई झाली. हेही लक्षात ठेवायचं. समतेचा अर्थ असा, की पहिल्या दिवशी चाचपडण्याचा हक्क सगळ्यांना असावा. पहिल्या माणसाकडून आपण चमत्काराची अपेक्षा करतो, तीसुद्धा एक प्रकारची बंदीच आहे.

आता दुसरा धागा. आर्थर डँटो या तत्त्वज्ञाने एक नेमकं निरीक्षण केलं: इतिहासातली कित्येक वाक्यं घटना घडताना बोलताच येत नाहीत. ‘१६१८ मध्ये तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं’ हे १६१८ मध्ये कोण म्हणणार? पुढची तीस वर्षं माहीत असल्याशिवाय ते वाक्यच बनत नाही.

पदार्पणाचंही तसंच आहे. २४ जून १९५५ ला एकोणीस वर्षांचा सँडी कोफॅक्स डॉजर्सकडून पहिल्यांदा उतरला, तोही संघ मोठ्या फरकाने मागे असताना. मोठी बोनस रक्कम घेतलेल्या नवोदिताला दोन वर्षं मुख्य संघातच ठेवण्याचा तेव्हा नियम होता. त्यामुळे त्याच्यासाठी जागा करायला टॉमी लसॉर्डा या पिचरला खाली पाठवलं गेलं. पहिल्या सहा वर्षांत कोफॅक्सच्या नावावर ३६ विजय आणि ४० पराभव. पुढच्या सहा वर्षांत १२९ विजय आणि फक्त ४७ पराभव! आज आपण म्हणतो, ‘त्या दिवशी एका महान पिचरचं पदार्पण झालं.’ त्या दिवशी हे वाक्य कुणालाच म्हणता आलं नसतं. आणि लसॉर्डा? डॉजर्सकडून पिचर म्हणून त्याला एकही विजय मिळाला नाही, पण १९७६ पासून वीस वर्षं तो त्याच संघाचा मॅनेजर होता.

त्याच्या आधीचा मॅनेजर वॉल्टर ऑल्स्टन, त्याची कथा तर आणखी बोलकी. खेळाडू म्हणून त्याचा मेजर लीगमधला एकच सामना, १९३६ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सकडून. एकदा बॅट हाती घेतली, बाद झाला, संपलं. पदार्पण आणि अखेर एकाच दुपारी. पुढे त्याने तेवीस वर्षं डॉजर्सचा संघ चालवला, चार वेळा जगज्जेता केला. पहिल्या दिवसावरून माणसाचं भाकीत करणाऱ्यांनी ऑल्स्टन आठवावा.

फर्नांडो व्हॅलेन्झुएलाबद्दल तर लोकांची स्मृतीच तारीख बदलते. त्याचं खरं पदार्पण सप्टेंबर १९८० मधलं. लोकांच्या मनात मात्र ९ एप्रिल १९८१ बसला आहे. जखमी सहकाऱ्याच्या जागी तो हंगामाचा पहिलाच सामना खेळला आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव घेऊ दिली नाही. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांना त्या दिवशी आपला माणूस मैदानावर दिसला. ज्या टेकड्यांवर ते स्टेडियम उभं आहे, तिथूनच पूर्वी मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबं उठवली गेली होती. नोंदवही एक तारीख सांगते, समाज दुसरी. दोन्ही खऱ्या, कारण दोन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

आता आजच्या विषयाच्या गाभ्याशी येऊ. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने जाहीर केलं, की १९२० ते १९४८ या काळातल्या सात नीग्रो लीग्जनाही आम्ही मेजर लीग मानतो. २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले. रॉबिन्सन १९४५ मध्ये कॅन्सस सिटी मोनार्क्सकडून खेळला होता आणि हा संघ त्याच लीग्जमधला. मग बघा काय झालं! नोंदीनुसार त्याचं मेजर लीग पदार्पण १९४७ चं न राहता १९४५ चं झालं.

कुणी विचारेल, भूतकाळ असा बदलता येतो का? घडलेली घटना बदलत नाही. चेंडू तसाच लागला होता, धाव तशीच निघाली होती. बदललं ते त्या घटनेचं संस्थात्मक वर्णन. आणि आधीचं वर्णन तरी आकाशातून पडलं होतं का? १९६९ मध्ये एका समितीने कुठल्या लीग्ज ‘मेजर’ ते ठरवलं आणि त्या यादीत नीग्रो लीग्ज नव्हत्या. म्हणजे २०२० चा निर्णय हा निसर्गावर केलेला हस्तक्षेप नव्हे. एका मानवी निर्णयाची ती दुसऱ्या मानवी निर्णयाने केलेली दुरुस्ती आहे.

पण इथे आपण सावध राहायला हवं. जॉश गिब्सन हा नीग्रो लीग्जचा असामान्य फलंदाज. आता नोंदीत ०.३७२ या सरासरीने तो सर्वकालीन यादीत टाय कॉबच्याही वर, पहिला आहे. तो वारला २० जानेवारी १९४७ ला, पस्तिसाव्या वर्षी, रॉबिन्सन एबेट्स फील्डवर उतरण्याआधी तीन महिने. नोंदवहीने त्याला आज आत घेतलं. जिवंतपणी त्याला कुणी आत घेतलं नाही. म्हणून ‘त्यांचं पदार्पण आधीच झालं होतं’ एवढंच म्हणून थांबलो, तर दार लावलेलं होतं हेच पुसलं जाईल. दोन वाक्यं एकत्र धरायला हवीत. ते मेजर दर्जाचा खेळ खेळत होते, हे एक. आणि त्यांना मेजर लीगमधून बाहेर ठेवलं होतं, हे दुसरं. पहिलं त्यांच्याविषयी आहे, दुसरं ठेवणाऱ्यांविषयी.

हे आपल्यालाही परकं नाही. पळवणकर बाळू हे दलित समाजातले थोर डावखुरे गोलंदाज. पुण्यात त्यांचा खेळ घडला, १९११ मध्ये ते भारतीय संघाबरोबर इंग्लंडला गेले, तिथे शंभरावर बळी घेतले. पण भारताची पहिली कसोटी १९३२ ची, म्हणून कसोटीपटूंच्या यादीत त्यांचं नाव नाही. आणि ज्या काळात ते खेळले, त्या काळी मैदानावर बरोबरीने खेळणारे सहकारी चहाच्या वेळी त्यांना वेगळं बसवत. यादीत नाव नसणं आणि पंगतीत जागा नसणं, हे दोन वेगळे अभाव आहेत. पहिला कागदावर भरून काढता येतो. दुसरा नाही; तो फक्त लक्षात ठेवता येतो.

तेव्हा ‘अमुक क्षेत्रात अमुक लोक दिसत नाहीत’ असं वाक्य कानी आलं, की एवढंच विचारू या: हा अभाव कुठल्या प्रकारचा? अजून नाही, की कधीच नाही? आणि ‘कधीच नाही’ म्हणणारा माणूस दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे? आता प्रश्न घेऊ.