परकराची वाढती उंची

आईच्या जुन्या साडीचा परकर शिवताना साडीचा पन्हा हीच परकराची उंची होते. काठ आयताच घेराला लाभतो. पन्हा सुमारे 45 इंच, आठ वर्षांच्या मुलीची कंबर ते घोटा उंची मात्र जेमतेम 30. उरलेले कापड कापून टाकणे सोपे. पण मुलगी वाढावयाची असते. म्हणून काठाच्या वर, आतल्या अंगाने, आडव्या दुमडी घालाव्यात. एक इंच खोल दुमड दोन इंच कापड पोटात घेते, हे विसरले की परकर पोटऱ्यांवर चढलाच! टीप हाताची, सैल असावी. यंत्राची बारीक टीप उसवताना जुने रेशीम फाटते. पुढे उंचीप्रमाणे एकेक दुमड सोडावी. दडलेले कापड कमी विटलेले असल्याने तेथे गडद पट्टा दिसतो. त्यावर गोट शोभतो. कंबरेची काळजी नेफ्यातील नाडी वाहते.