पंचविशीतल्या पोरांना घर कोण देणार?

आमच्या सभा-संमेलनांतून गेली काही वर्षे एक वाक्य हमखास ऐकू येते. वक्ता कोणत्याही गटाचा असो, भाषण रंगात आले की तो म्हणतो, आजचा तरुण चळवळीपासून दुरावला आहे. समोर बसलेले साठी-पासष्टीचे श्रोते माना डोलावतात, टाळ्याही वाजतात. सभेला तरुण आलेलाच नसतो, त्यामुळे त्याची बाजू कोणी मांडत नाही. हा तरुण कुठे राहतो, दिवसभर काय करतो, या वयात त्याच्या मनात आणि शरीरात काय घडत असते, याची चौकशी आम्ही कधी केली आहे काय?

त्याला शोधायला फार लांब जावे लागत नाही. नागपुरात वर्धा रोडवरून मनीषनगरात जावे. एके काळी रेल्वे फाटकावर ताटकळणारी ही वस्ती. नोव्हेंबर २०२० मध्ये उड्डाणपूल सुरू झाला. पुढे बेसा, बेलतरोडीकडे इमारतींची रांग लागली आहे. मिहानमधल्या कंपन्या या बाजूला, म्हणून भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून आलेली मुले-मुली इथे तिघे-चौघे मिळून रूम करून राहतात. कोणी कंपनीत रात्रपाळी करतो, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, कोणी दोन्ही करतो. दोन वेळचा डबा मेसचा. वय बावीस ते अठ्ठावीस. यात आमच्या समाजाची मुले किती तरी आहेत. पण ती आम्हाला दिसत नाहीत. का दिसत नाहीत, ते त्यांच्यापैकीच एकाने आम्हाला सांगितले.

भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातला हा मुलगा. इंजिनिअर झाला, नोकरी लागली. फोनवर रूमचे भाडे ठरले, डिपॉझिट ठरले. प्रत्यक्ष भेटीत मालकाने पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकल्यावर फ्लॅट फक्त फॅमिलीलाच द्यायचे ठरले आहे, असे उत्तर मिळाले. दुसऱ्या ठिकाणी गाव विचारले, मग गावातला मोहल्ला विचारला. तिसऱ्या ठिकाणी त्याने फक्त पहिले नाव सांगितले, बाकी व्यवहार मित्राच्या नावावर केला आणि रूम मिळाली. आईने दिलेला बाबासाहेबांचा फोटो आजही त्याच्या बॅगेत आहे, भिंतीवर नाही. तेरा एप्रिलच्या रात्री तो एकटाच संविधान चौकात येतो. रूम पार्टनरांना त्याने सांगितलेले असते, एका मित्राचा वाढदिवस आहे.

हे ऐकताना आम्हाला बडोदा आठवल्याशिवाय कसे राहील? सप्टेंबर १९१७. बाबासाहेबांचे वय सव्वीस वर्षे. कोलंबिया विद्यापीठातून शिकून आलेला हा तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेला आणि त्याला राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी सरायीत राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि सामान बाहेर काढायला लावले. ओळखीच्या दोघांनीही आसरा दिला नाही. त्या दिवशी कामाठी बागेत बसून बाबासाहेबांनी जे अश्रू ढाळले, त्याची आठवण आमची प्रत्येक पिढी काढते. पण बडोद्याची गोष्ट सांगताना कंठ दाटून येणाऱ्या आम्हाला आपल्याच शहरातला सव्वीस वर्षांचा मुलगा नाव लपवून राहतो, हे माहीतही नसावे, ही लाजिरवाणी बाब नव्हे काय?

या वयाबद्दल शास्त्र काय सांगते, तेही पाहू. आपल्याकडे समज असा की, मिसरूड फुटली, उंची वाढायची थांबली, मतदानाचा हक्क मिळाला म्हणजे माणूस वाढून झाला. प्रत्यक्षात हाडांना बळकटी येण्याचे काम जवळपास तिशीपर्यंत चालते. मेंदूचा पुढचा भाग, जो पुढचा-मागचा विचार करतो, रागाला आवर घालतो आणि निर्णय घेतो, तो पंचविशीच्या आसपास परिपक्व होतो. म्हणजे ज्या वयात आम्ही पोरांना हातपाय पसरायला धड जागा देत नाही, त्याच वयात त्यांची घडण पुरी होत असते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या वयाचा मुख्य प्रश्न सांगितला तो जवळीक की एकाकीपणा हा. विशीनंतर माणसाला जिवाभावाची माणसे जोडता आली पाहिजेत. ती जोडायची तर आधी आपण कोण, हे मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. जो स्वतःचे आडनाव गिळून बसला आहे, तो जवळीक कोणाशी साधणार? चार जणांच्या खोलीत राहूनही तो एकटाच.

अमेरिकेतील डॅनियल लेव्हिन्सन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तरुण वयाची चार कामे सांगितली आहेत. आयुष्याचे एक स्वप्न घडवणे, हात धरणारा एक वडीलधारा मार्गदर्शक मिळवणे, व्यवसाय उभा करणे आणि प्रेमाचे, संसाराचे नाते जोडणे. त्यांनी चाळीस अमेरिकन पुरुषांचा अभ्यास केला होता. त्यात आमची जात नव्हती, आमचे गाव नव्हते, स्त्रियाही नव्हत्या. तरीही या चार कामांची फूटपट्टी घेऊन बाबासाहेबांच्या विशीकडे पाहिले तर आम्हाला बरेच शिकता येते.

मॅट्रिक झालेल्या भीमरावाला बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णराव केळुसकर गुरुजी होते. त्यांच्या शब्दावर सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली. जुलै १९१३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारखे अध्यापक भेटले. नवल भथेना हा पारशी मित्र भेटला, तो जन्मभर टिकला आणि अडचणीत पैशालाही उभा राहिला. आपण अस्पृश्य आहोत याचा परदेशातल्या वर्षांत विसरच पडला होता, असे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. त्या मोकळ्या हवेत मे १९१६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध वाचला. सत्ताविसाव्या वर्षी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आमच्या याच नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती.

बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट असामान्य होते, यात शंका नाही. पण त्या विशीला पुस्तक देणारा गुरुजी होता, पैसा देणारा राजा होता, बरोबरीने वागवणारा मित्र होता आणि ‘हा तुमचा पुढारी आहे’ असे माणगावात जाहीरपणे सांगणारा शाहू महाराजांसारखा वडीलधारा होता. आजच्या मनीषनगरातल्या पोराला यांपैकी काय मिळते? त्याला आमच्याकडून उपदेश मिळतो आणि वर्गणीची पावती मिळते.

या विशीची किंमत कोणी मोजली, हेही विसरता येणार नाही. बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले तेव्हा माता रमाई अवघ्या पंधरा-सोळा वर्षांच्या होत्या. त्यांचे तरुणपण गोवऱ्या थापण्यात, उपासमारीत आणि पोटची लेकरे गमावण्यात गेले. आम्ही रमाईचा त्याग गातो आणि घरात त्याचीच पुनरावृत्ती करतो. भावाच्या क्लासची फी भरायची म्हणून बहिणीची पदवी थांबते. मुलाला नागपुरात रूम करून देतो. मुलगी तेविसाव्या वर्षी घरी बसते आणि स्थळे पाहणे सुरू होते. तिच्या वाढीची वर्षे आमच्या हिशेबात धरलीच जात नाहीत.

नागपूरच्याच एका तरुणीची कहाणी या संदर्भात प्रत्येकाने वाचली पाहिजे. १९३८ साली जन्मलेल्या कुमुद सोमकुवर यांनी संस्कृत घेऊन एम. ए. केले. ज्या भाषेची दारे त्यांच्या पूर्वजांना बंद होती, त्या भाषेत त्या उत्तीर्ण झाल्या. कौतुक झाले, पण नोकरी मिळेना. पुढे त्यांनी आंतरजातीय विवाह केला, आडनाव पावडे झाले आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकी मिळाली. पदवी तीच, बाई तीच, बदलले ते आडनाव. ‘अंतःस्फोट’ या १९८१ सालच्या पुस्तकात कुमुद पावडे यांनी हा सल उघड केला आहे.

ती जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून २००७ चा पुरावा देतो. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक ठेवला तो फक्त आडनावांत. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश निघाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्ली परिसराच्या अभ्यासात भाड्याच्या घरांबाबतही दलित आणि मुस्लिमांना नकार व जाचक अटी आढळल्या. तेव्हा मनीषनगरातला तो मुलगा भित्रा आहे, असे समजू नका. तो हिशेबी आहे. आपण त्याच्या मागे उभे नाही, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

आणि हा एकाकीपणा जीवही घेतो. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत जळगावची आदिवासी डॉक्टर पायल तडवी गेली. दोघेही सव्वीस वर्षांचे. त्यांच्यासाठी आम्ही मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या आणि ते आवश्यकच होते. पण मोर्चा निघतो तो माणूस गेल्यावर. तो जिवंत असताना, रात्री अकरा वाजता त्याला फोन करावासा वाटला तर आमच्यापैकी कोणाचा नंबर त्याच्याकडे असतो?

म्हणून आम्ही काही साध्या गोष्टी सुचवतो. आमच्यातले अनेक नोकरदार, निवृत्त अधिकारी, प्राध्यापक आज मनीषनगर, बेसा, बेलतरोडी भागात फ्लॅटचे मालक आहेत. त्यातले काही जण आमच्याच मुलांना रूम देताना कां-कूं करतात, सोसायटी काय म्हणेल याची त्यांना धास्ती. त्यांनी हे आधी थांबवावे. ज्याच्याकडे रिकामी खोली आहे त्याने ती नाव न विचारता, वाजवी भाड्यात, कोणत्याही जातीच्या होतकरू मुला-मुलीला द्यावी. विहारांनी वंदनेनंतर कुलूप न लावता रात्री दहापर्यंत अभ्यासिका चालवावी आणि तिथे मुलींनाही निर्धास्त बसता यावे. नोकरीत तीस वर्षे काढलेल्या प्रत्येकाने एका, फक्त एका तरुणाला महिन्यातून दोनदा भेटावे. भाषण न देता त्याचे ऐकून घ्यावे. त्याच्या प्रेमाचे, लग्नाचे, नापास होण्याचे प्रश्नही ऐकावेत. परीक्षेत चार वेळा अपयश आलेल्या मुलाला दुसरी वाट दाखवावी, टोमणे मारू नयेत. समाजाचे ऋण फेडायचे म्हणतात ते हेच. त्याला व्यासपीठ लागत नाही, हारतुरे लागत नाहीत.

तरुण चळवळीपासून दुरावला, हे वाक्य आम्ही यापुढे आमच्या स्तंभातून लिहिणार नाही. चळवळ तरुणाच्या रूमपर्यंत पोहोचली नाही, असे लिहू, कारण तेच खरे आहे. भंडाऱ्याच्या त्या मुलाला आम्ही परवा पुन्हा भेटलो. निघताना त्याने विचारले, तुमच्या ओळखीत कोणाची रूम आहे का, जिथे फोटो भिंतीवर लावता येईल? या प्रश्नाचे उत्तर आमच्या वाचकांनी द्यायचे आहे.

जयभीम!