वेसाव्याच्या होड्या आणि डिझेल एंजिन

यंत्राचे गुणदोष ते ज्या कामी लावले जाते त्यावरून ठरतात. वॉटर-स्कीइंगची होडी हलकी व क्षणात वेग घेणारी असावी लागते. तेथे डिझेल एंजिनाचे वजन अडचणीचे होते आणि पेट्रोल एंजिन सोयीचे ठरते. अंधेरीच्या पश्चिमेस असलेल्या वेसावे गावच्या कोळ्यांची निकड मात्र निराळी आहे.

रुडॉल्फ डिझेल याने १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखविलेल्या या एंजिनात ठिणगीची योजना नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटते. उच्च दाब सोसण्यासाठी त्याचे भाग जड व महाग होतात; परंतु तेवढ्याच इंधनात काम अधिक होते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने होडीच्या तळाशी साचून स्फोटाचा संभव असतो. डिझेलच्या बाबतीत हे भय पुष्कळच कमी.

डोल जाळे समुद्रात एका जागी बांधलेले असते व भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. ते ओढण्यास एंजिन लागत नाही. ट्रॉलरचे जाळे मात्र एंजिनच ओढते. तथापि बोंबील हा पाणीदार, लवकर नासणारा मासा होय. वारा पडला असताही वेळेवर किनारा गाठता येणे, हा डोलकरांचा खरा लाभ.

उलट पक्षी, वाऱ्याला मोल नव्हते. डिझेल मात्र मासळी मिळो वा न मिळो, प्रत्येक फेरीस विकत घ्यावे लागते. पूर्वी रिकाम्या फेरीत मुख्यतः श्रम वाया जात. आता त्यांत इंधनाच्या खर्चाची भर पडते. म्हणून एंजिनाची उपयुक्तता केवळ वेगावरून न ठरविता, जाळ्याचा प्रकार व फेरीचे अंतर लक्षात घेऊनच ठरविणे इष्ट होय.